दोन गुणांचा उंदीर

दोन गुणांना एक उंदीर मिळतो. उंदीर म्हणजे मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला, अंगाला चिंध्या गुंडाळलेला, हातात मोडके हत्यार धरलेला असा बोटाच्या दोन पेरांएवढा एक बाहुला. आणि अडतीस गुण मोजले तर एक घोडेस्वार मिळतो. नखशिखांत चिलखत ल्यालेला, लांब भाल्याचा, घोड्याच्या पाठीवरून रंगीत झूल रुळते आहे असा. अडतीसला दोनाने भागले की एकोणीस येतात. एका स्वाराच्या किमतीत एकोणीस उंदीर! हा भाव कुणी लिलावात ठरवलेला नाही. तो पुस्तकात छापलेला आहे आणि ज्यांना खेळायचे आहे ते सगळे तो निमूटपणे मान्य करतात.

मी सारा जन्म हिशेबतपासनिसाची नोकरी केली. प्रत्येक वस्तूपुढे तिची किंमत लिहिलेली दिसली की माझ्या जिवाला बरे वाटते. म्हणूनच की काय, ज्या वयात माणसे तीर्थयात्रांची वेळापत्रके चाळू लागतात त्या वयात मी या बाहुल्यांच्या लढाईत रमलो. तुम्ही म्हणाल, हा पोरखेळ झाला. असेलही. पण पोरखेळात जेवढे खरे बोलले जाते तेवढे मोठ्यांच्या सभांत क्वचितच बोलले जाते.

खेळाचे नाव वॉरहॅमर. ब्रायन ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली या तिघांनी तो रचला आणि १९८३ साली तो इंग्लंडात प्रसिद्ध झाला. एक मोठे टेबल घ्यायचे, त्यावर टेकड्या, झाडी, पडक्या भिंती मांडायच्या आणि दोघांनी आपापली फौज समोरासमोर उभी करायची. फौजा परीकथेतल्या. कुणाकडे एल्फ, कुणाकडे बुटके, कुणाकडे हिरव्या कातडीचे ऑर्क आणि त्यांचे किरटे भाऊबंद गॉब्लिन, कुणाकडे ब्रेटोनिया नावाच्या राज्यातले शूर स्वार, तर कुणाकडे स्केवन, म्हणजे जमिनीखाली राहणारे हे उंदीर. अंतर इंचाच्या पट्टीने मोजायचे, मारामारीचा निकाल फाशांनी लावायचा. दोघांच्या फौजांची बेरीज मात्र सारखी हवी. दोन हजार गुण ठरले तर दोघांचे दोन हजार. ते कसे खर्च करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

या खेळाच्या कंपनीचे मुख्य ठाणे नॉटिंगहॅम गावात आहे, आणि माझा भाचा त्याच गावात इंजिनिअर आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात मी आणि माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, तीन महिने त्याच्याकडे राहिलो होतो. तो दर शनिवारी एका मित्राशी खेळे. मित्र शाळामास्तर होता. त्याची फौज ब्रेटोनियाच्या स्वारांची, भाच्याची उंदरांची. मी आधी नुसता बघत बसे. मग हळूहळू पुस्तके चाळू लागलो.

नवा खेळाडू फौज कशी जमवतो हे बघण्यासारखे असते. तो आधी ड्रॅगन घेतो. मग महाबली सरदार, मग निवडक पहारेकरी. अखेर नियमाने घ्यावीच लागतात म्हणून चार फडतूस शिपाई घेतो आणि ते कुठे तरी कोपऱ्यात उभे करतो. पहिल्या दोन लढाया तो जिंकतोही. तिसऱ्या लढाईत समोर कुणी तरी जाणता माणूस येतो आणि त्याचा ड्रॅगन सहा फेऱ्या उंदीर मारीत बसतो. ड्रॅगन हरत नाही, पण लढाई हरते.

भाच्याने मला पहिल्याच शनिवारी सांगितले, “मामा, उंदरांनी कुणाला मारावं ही अपेक्षाच ठेवू नका. ते मारायला नाहीतच मुळी.”

“मग कशाला आहेत?”

“जागा अडवायला. आणि वेळ काढायला.”

हे वाक्य मी हिशेबनिसाच्या सवयीने तपासून पाहिले. स्वस्त तुकडीची पहिली कमाई लढाई सुरू होण्यापूर्वीच होते. साध्या लढाईत दोघे आळीपाळीने एकेक तुकडी टेबलावर ठेवतात. ज्याच्याकडे स्वस्त तुकड्या पुष्कळ, तो एक उंदरांची टोळी इकडे ठेवतो, एक तिकडे ठेवतो, आणि समोरच्याचे महाग स्वार अगोदर ठेवून होतात. ते कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहिल्यावर मग हा आपले खरे बळ बाहेर काढतो. पत्ते खेळताना हातातली दुरी-तिरी आधी टाकून दुसऱ्याचा एक्का बाहेर काढावा, तसाच हा प्रकार.

दुसरी कमाई वाट वाकडी करण्याची. चारपाच स्वस्त प्राणी शत्रूच्या पुढ्यात असे तिरपे उभे करायचे की त्याने त्यांच्यावर चाल केली तर त्याचे तोंड भलतीकडे वळावे, आणि न केली तर त्याची वाट अडून राहावी. ते बिचारे मरतात, पण स्वारांची ती तुकडी टेबलाच्या कडेकडे तोंड करून उभी राहते. पुन्हा वळून यायला तिला एक फेरी लागते, आणि सहा फेऱ्यांच्या लढाईत एक फेरी म्हणजे काही थोडीथोडकी नव्हे.

तिसरी कमाई संशयाची. गॉब्लिनांच्या एका जातीत तीनतीन गुणांच्या शिपायांच्या गर्दीत लोखंडी गोळा गरागरा फिरवणारे वेडे लपवून ठेवता येतात. एका तुकडीत तिघांपर्यंत, प्रत्येकी पंचवीस गुणांना. शत्रू आठ इंचांच्या आत आला की ते बाहेर पडतात आणि वाटेत येईल त्याला चिरडीत सुटतात. कुठल्या तुकडीत ते आहेत आणि कुठलीत नाहीत हे समोरच्याला कळत नाही. त्यामुळे ज्या गर्दीत कुणीच लपलेले नाही तिलाही तो भिऊन असतो.

पण उंदरांची खरी कामगिरी चौथी. पाय रोवून उभे राहण्याची. तिकडचे खेळाडू अशा तुकडीला डांबराचा खड्डा म्हणतात. हत्तीसुद्धा त्यात पाय टाकून बसला की निघता निघत नाही.

या ठिकाणी मला थोडे गणित मांडू द्या. झटापटीत हरलेल्या तुकडीला दोन फाशांवर आपला धीर सिद्ध करावा लागतो. फाशांची बेरीज धीराच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली तर तुकडी टिकली. जास्त आली तर पळाली. सामान्यतः जितक्या फरकाने हरलात तितका तो आकडा घटतो. परंतु २०१० च्या आठव्या आवृत्तीत असा नियम आला की, हरलेल्या तुकडीच्या भरलेल्या रांगा शत्रूपेक्षा जास्त असतील तर तिचा धीर घटत नाही. आता उंदरांच्या गुलामाचा धीर किती? दोन! सबंध पुस्तकात शोधूनही याहून भित्रा प्राणी मिळणे कठीण. पण उंदरांना मागच्या रांगांमुळे जास्तीत जास्त तीनपर्यंत धीर वाढवून मिळतो. म्हणजे पाच झाले. दोन फाशांच्या छत्तीस प्रकारांपैकी दहा प्रकारांत बेरीज पाच किंवा कमी येते. छत्तीसांत दहा वेळा हे टिकणार, सव्वीस वेळा पळणार.

मात्र फौजेचा सरदार बारा इंचांच्या आत उभा असेल तर आपल्याऐवजी त्याचा धीर वापरता येतो. उंदरांच्या सरदाराचा धीर सात. त्यात रांगांचे तीन मिळवले की दहा. आणि दहा किंवा कमी येण्याचे प्रकार छत्तीसांपैकी तेहतीस! उंदीर तोच, दोन गुणांचा. हत्यार तेच, मोडके. पण मागे नुसती गर्दी असताना तो छत्तीसांत दहा वेळा टिकतो, आणि त्या गर्दीजवळ सरदारही असला की तेहतीस वेळा टिकतो. मी पुष्कळ ताळेबंद पाहिले आहेत. पण कमकुवत माणूस कशाने टिकतो याचा इतका स्वच्छ हिशेब दुसरीकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

मराठी माणसाला खिंड म्हटली की बाजीप्रभू आठवतात. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना महाराजांना वेळ मिळावा म्हणून घोडखिंडीत थोड्या लोकांनिशी त्यांनी सिद्दीची फौज अडवून धरली. वेळ विकत घेण्याचे कामच ते. पण तिथे मागे राहिला तो फौजेतला उत्तमातला उत्तम माणूस. राजाने आपले सगळ्यांत मोलाचे ते खिंडीत ठेवले. खेळात उलटे आहे. इथे खिंडीत तो ठेवायचा, ज्याच्या जाण्याने आपले काहीच जात नाही. म्हणून ही तुलना मनात आली तरी मी ती फार ताणत नाही. बुद्धिबळातले प्यादेही इथे जुळत नाही. प्याद्याला निदान पटाच्या पलीकडे पोहोचून वजीर होण्याची आशा असते. दोन गुणांचा उंदीर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला तरी दोन गुणांचाच राहतो.

आणि खेळाच्या नियमांना त्याची कीव नाही. जवळची तुकडी उधळली की बाकीच्यांच्या मनात धास्ती शिरते, असा सर्वसाधारण नियम आहे. पण गॉब्लिन पळाले तर ऑर्कांवर त्याचा परिणाम होत नाही. ते पळणारच, हे ऑर्कांनी आधीपासून धरलेले असते. उंदरांचे त्याहून पुढे आहे. गुलामांची तुकडी शत्रूशी झटापटीत गुंतली असेल तर आपल्याच बंदुका त्या गर्दीवर झाडायची मुभा त्यांना आहे. गोळी शत्रूला लागली तर उत्तम. गुलामाला लागली तर दोन गुण गेले.

या स्वस्ताईत एक गंमत मात्र आहे. गुणांनी स्वस्त असलेली तुकडी पैशांनी आणि कष्टांनी सर्वांत महाग पडते. शंभर गुणांचा एक सरदार हवा असेल तर एक बाहुला विकत घ्यायचा आणि रंगवायचा. शंभर गुणांचे उंदीर हवे असतील तर पन्नास बाहुले घ्यायचे, पन्नास जोडायचे, पन्नास रंगवायचे. उंदीर दोन गुणांचा आहे म्हणून त्याच्या शेपटीला रंग कमी लागत नाही. त्यामुळे पुष्कळांचे गुलाम बिनरंगाचेच लढतात. भाच्याचेही पन्नास तसेच राखाडी पडून होते.

ते अक्काने रंगवले. तिला रिकामे बसवत नाही. हातात सुई नाही, दळण नाही, निवडायला तांदूळ नाहीत, अशी ती परक्या देशात तीन महिने काय करणार? एके दिवशी तिने त्यांतला एक उचलून चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि विचारले, “ह्याच्या कपड्याला कुठला रंग द्यायचा?” भाचा म्हणाला, “कुठलाही दे. ते गुलाम आहेत.” तिने पन्नास जणांना पन्नास तऱ्हेच्या चिंध्या दिल्या. कुणाला विटकरी, कुणाला आमसुली, कुणाला धुवट निळ्या. एकाच्या डोक्याला तर तिने बारीक ठिपक्यांचे फडके बांधलेले दाखवले होते. दिवसाला चार-पाच उंदीर होत. पुढल्या शनिवारपर्यंत तिसाच्या घरात गेले, त्यानंतरच्या शनिवारी सगळे टेबलावर उभे राहिले.

त्या दिवशी अक्काही खुर्ची ओढून बसली. मास्तरांच्या नऊ स्वारांनी, म्हणजे तीनशे बेचाळीस गुणांनी, पन्नास उंदरांवर, म्हणजे शंभर गुणांवर, घोडे घातले. पहिल्याच धडकेला बारा उंदीर गेले. भाच्याने ते उचलून बाजूला ठेवले. अडतीस उरले, सात रांगा पुऱ्या. स्वारांच्या तीनच. सरदार जवळ होता. फाशांवर आठ पडले. उंदीर टिकले. दुसऱ्या झटापटीआधी भाच्याने बंदुकांचे फासे हातात घेतले.

“हे काय करतोस?” अक्काने विचारले.

“गोळ्या झाडतोय.”

“तिथं आपली माणसं आहेत की.”

“आई, नियम आहे तसा.”

“नियम असेल. रंग मी दिलाय.”

मास्तरांना मराठी येत नव्हते, पण एवढे त्यांना कळले असावे. ते मोठ्याने हसले. भाच्याने फासे खाली ठेवले. मी मनात हिशेब केला. त्या गोळ्यांनी दोन-तीन स्वार पडले असते, पण पाचसहा उंदीरही पडले असते, म्हणजे एक रांग. आणि रांग हाच त्यांचा धीर. दया आणि शहाणपण नेहमी एकाच बाजूला उभी राहतात असे नाही. त्या दिवशी ती राहिली होती.

“किती वेळ धरायचं ह्यांनी?” अक्काने विचारले.

“आमचे पहारेकरी वळून येईपर्यंत.”

“आणि ते आलेच नाहीत तर?”

“मग ह्यांना इथं ठेवण्यात अर्थच नव्हता,” भाचा म्हणाला.

या उत्तरात त्या खेळाची सगळी विद्या आहे, असे मला वाटते. उंदीर किती मेले यावर त्यांची कामगिरी ठरत नाही. त्यांनी मिळवून दिलेल्या वेळात मागच्यांनी काय केले यावर ती ठरते. पन्नास उंदीर तीन झटापटी तग धरून उभे आहेत आणि सात-सात गुणांचे पहारेकरी तिकडे टेकडीआड घुटमळत आहेत, असे झाले तर ते नुसते मरण. पहारेकरी वेळेवर आले तर ती लढाई. म्हणजे उंदरांच्या मरणाला अर्थ आणण्याची जबाबदारी उंदरांवर नसते. ती त्यांच्यावर असते, ज्यांच्यासाठी वेळ काढला गेला.

त्या दिवशी पहारेकरी आले. तिसरी झटापट संपली तेव्हा तेवीस उंदीर उरले होते. चौथ्या वेळी पहारेकऱ्यांनी बगलेवर धडक मारली आणि स्वार उधळले. अक्काने मेलेले उंदीर एकेक करून डब्यात ठेवले. रंग उडाला आहे का ते बघत होती.

आता थोडे घरचे. आमचे वडील १९६६ मध्ये गेले. अक्का पंधरा वर्षांची, नववीत. मी दहा वर्षांचा, माझ्यामागे दोघे. आईच्या अंगात तेव्हा उभे राहण्याचे बळ नव्हते. अक्काने शाळा सोडली आणि शिवणाचे यंत्र घेतले. परकर, झबली, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. अकरा वर्षे तिने ते यंत्र चालवले. तेवढ्या अवधीत मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नोकरीला लागलो, मधला डिप्लोमा करून कारखान्यात गेला, धाकटा मॅट्रिक झाला. १९७७ मध्ये अक्काचे लग्न झाले. या हिशेबात मी कुणाला जमेस धरावे आणि कुणाला नावे टाकावे, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने विचारला नाही. अक्काने तर नाहीच. तिच्या मते तो प्रश्नच नव्हता.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे मागच्या अंगणात बसलो होतो. तिकडे उन्हाळ्यात नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. डोक्यात दिवसभराचे गणित होतेच. मी विचारले, “अक्का, त्या वर्षांत तुझ्या बारा इंचांत कोण होतं गं?”

नियम तिला ठाऊक झाला होता. तिने थोडा वेळ विचार केला. मला वाटले, ती आईचे नाव घेईल, किंवा देवाचे.

“पलीकडच्या काकू,” ती म्हणाली. “त्यांच्याजवळ काय होतं द्यायला? काही नव्हतं. पण रोज दुपारी येऊन यंत्राजवळ बसायच्या. कधी काज करून द्यायच्या, कधी नुसत्या बसायच्या. बोलायच्यासुद्धा नाहीत फारशा.”

“तेवढंच?”

“तेवढंच. पण दुपारचीच वेळ वाईट असते बघ. सकाळी कामाची घाई असते, रात्री झोप येते. दुपारी वाटायचं, हे सगळं टाकून कुठंतरी निघून जावं. तेवढ्यात त्या यायच्या.”

काकू मला आठवतात. जाड भिंगाचा चष्मा आणि तपकिरीचा वास. दुपारी मी शाळेत असे, त्यामुळे त्या रोज येऊन बसत हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हते. गावात त्यांना सरदार कुणी म्हटले नसते; त्यांच्याही नावापुढे कुणी दोनच गुण लिहिले असते. पण छत्तीसांत दहाचे तेहतीस त्यांनी केले होते.

आपल्याकडे त्यागाचे गुणगान फार चालते. थोरल्या बहिणीने केले, आईने केले, असे आपण डोळे पुसत सांगतो, आणि सांगताना असे गृहीत धरतो की ती माणसे मुळातच पोलादाची होती. असतीलही काही. पण बहुतेकांचा धीर दोनाचाच असतो. अक्काचाही होता, असे तिनेच मला त्या अंगणात सांगितले. त्यांना पोलाद म्हणणे हा आपल्या सोयीचा भाग झाला. एकदा पोलाद म्हटले की त्यांच्याजवळ जाऊन बसण्याची गरज राहत नाही.

पुढे २०१५ मध्ये कंपनीने तो जुना खेळ बंद करून त्याच्या जागी दुसरा आणला. मग २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने जुन्या जगाची नवी नियमपुस्तके निघाली. भाचा आणि मास्तर मधल्या काळातही जुन्याच पुस्तकावर खेळत राहिले, आणि अजून खेळतात. पन्नास उंदीर आहेत. एकाची शेपटी तुटली होती, ती चिकटवली आहे. ठिपक्यांच्या फडक्याचा उंदीर मास्तर आता नजरेने ओळखतात आणि तो मेला की टोपी काढल्यासारखे करतात.

दूरध्वनीवर बोलताना भाचा कधीमधी लढाईची हकीकत सांगतो. तो सांगत होता की, हल्ली फौज मांडायची आखणी करताना तो पहिल्यांदा सरदार कुठे उभा राहणार ते ठरवतो आणि मग बारा इंचांचा अंदाज घेऊन त्याच्या आसपास उंदीर धरतो. बंदुकांच्या नियमाबद्दल मी काही विचारले नाही. तो त्याच्या आणि अक्काच्यामधला व्यवहार आहे.